रिकाम्या गाडीचं माप

आई, तुला गाडीतलं काही कळत नव्हतं आणि कळून घ्यायची हौसही नव्हती, तरी हे तुलाच सांगायचंय, कारण ज्यांना सांगायला हवं त्यांच्यापुढे उभा राहिलो की माझं तोंड उघडत नाही. सित्र्यात कंपनीच्या गेटबाहेर बस लावून बसलोय. सकाळची माणसं आत सोडली, ती संध्याकाळी बाहेर येतील, मधला वेळ माझा. ट्रिपशीटच्या पाठकोऱ्या बाजूवर लिहितोय. समोर एका टँकरच्या सावलीत मांजर झोपलंय, सावली सरकली की तेही डोळे न उघडता तेवढंच सरकतं. गेला अर्धा तास मी तेच बघत होतो. तू असतीस तर पाठीत एक धपाटा घालून म्हणाली असतीस, "हातात काय घेतलंयस ते आधी पुरं कर."

तू गेल्यानंतर मी कुठे टिकलो नाही. पनवेलला एका गॅरेजात, मग भोसरीला, मग मस्कतला दोन वर्षं, आता बहारीन. आयटीआयचा दाखला अर्धाच, म्हणजे पहिल्या वर्षाचा, तो तुझ्या ट्रंकेत असेल. इथे व्हिसा ड्रायव्हरचा. पण हात स्वस्थ बसत नाहीत हे तुला माहीत आहेच. गेल्या वर्षी बसचा टायर पंक्चर झाला तो नेमका एका घराच्या दारात, आणि उघड्या शेडमध्ये मला ती गाडी दिसली. टायर बदलायचा सोडून मी तिच्याखाली डोकं घालून बघत होतो. बसमध्ये चाळीस माणसं ओरडतायत, कुणीतरी हॉर्न वाजवतंय, आणि आतून एक म्हातारा काठी टेकत आला. मला वाटलं आता हाकलणार. तर म्हणाला, "नीचे क्या देखता है? ऊपर से देखो, ऊपर से अच्छा है."

त्यांना मी बाबा म्हणतो. इथे सगळेच कामगार घरच्या वडीलधाऱ्या माणसाला बाबा म्हणतात, त्यात माझं खास असं काही नाही. पण आपल्या घरात हा शब्द मी कधी कुणाला वापरला नव्हता, मी दोन वर्षांचा असतानाच वडील गेले, म्हणून पहिल्यांदा म्हणताना तोंडात जरा अवघडलं. बाबांची पाठ वाकलेली. तरुणपणी इथल्याच रिफायनरीत फिटर होते. मुंबईच्या माणसांबरोबर काम केल्याने हिंदी बोलतात, आणि मराठीतल्या दोन शिव्याही येतात, त्या मी इथे लिहीत नाही.

गाडी तुझ्याही जन्माच्या खूप आधीची, अमेरिकन. इंजिनावरचं झाकण काढून टाकलेलं, पुढची चाकं उघडी, मागची दुप्पट जाड, टप कापून बुटका केलेला, आत एकच लांब सीट. याला हॉट रॉड म्हणतात. लोक जुनी गाडी घेतात, तिचं जुनेपण तसंच ठेवतात आणि तिला पळायला लावतात. बाबांनी ती चाळीस वर्षांपूर्वी कुणा परत जाणाऱ्या इंजिनिअरकडून घेतली आणि सुट्टीच्या दिवशी एकेक तुकडा स्वतःच्या हाताने बसवला. लग्नानंतर दर शुक्रवारी बायकोला शेजारी बसवून झल्लाकच्या समुद्रावर न्यायचे. गेली तीन वर्षं ते बंद होतं. गाडी मागून एवढी उडायची की बाबांच्या पाठीला सोसेना. मुलगा म्हणत होता, चांगलं गिऱ्हाईक आहे, विकून टाकू. बाबांना एकच हवं होतं, थंडी संपायच्या आत बायकोला घेऊन एकदा झल्लाकला जायचं. आणि बायको म्हणायची, "तुमची पाठ दुखली तर मी बसायची नाही."

(इथे घरच्या बाईला मामा म्हणतात. पहिल्या दिवशी "मामा को सलाम बोलो" असं कुणीतरी म्हणालं तेव्हा मी दारात पुरुष शोधत राहिलो. तू किती हसली असतीस! मी त्यांना आपलं बाईच म्हणतो, म्हणजे तुझ्याजवळ लिहिताना.)

तर शॉकअप. आता तुला कंटाळा येणार, पण हे सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. चाक खड्ड्यात गेलं की पाटा, म्हणजे चाकावरची स्प्रिंग, दबतो आणि परत उसळतो. ती उसळी शांत करतो तो शॉकअप. त्या गाडीचे मागचे शॉकअप जुन्या पद्धतीचे होते: चॅसीला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला, बसवलेली एक लोखंडी डबी, आत तेल, आणि डबीतून कोपरासारखी वाकलेली एक दांडी निघून ॲक्सलला जोडलेली. दोन्ही डब्यांतलं तेल गळून गेलेलं, दांड्या नुसत्या हलत होत्या. तसला माल आता मिळत नाही. मी बाबांना म्हटलं, आपण नळीचे शॉकअप बसवू, हल्लीच्या गाड्यांना असतात तसे. वर चॅसीवर एक आडवी पट्टी घालायची, खाली ॲक्सलला ब्रॅकेट वेल्ड करायचे, आणि दोन्ही शॉकअप वरून एकमेकांकडे झुकते लावायचे. बाबांनी काठीच्या टोकाने एक डबी ठोकून बघितली. त्या डब्या त्यांनी स्वतः बसवलेल्या. मग म्हणाले, "करो. मगर बाहर से नहीं दिखना मंगता." मी म्हटलं, "नहीं दिखेगा बाबा, इंशाल्ला."

सगळी गंमत मापात असते. शॉकअप पूर्ण उघडतो किती, पूर्ण मिटतो किती, आणि गाडी उभी असताना तो साधारण मध्यावर यायला हवा, म्हणजे दोन्हीकडे जायला वाव राहतो. हे मला माहीत होतं. आई, हे मला पक्कं माहीत होतं.

तुझं स्वयंपाकघर आठवतं. चुलीला लागून मशीन, कारण उजेडाची खिडकी तिथेच. कुणी मापाला आलं की तू पहिलं विचारायचीस, "जेवलास?" नाही म्हणाला की परत पाठवायचीस. "जेवून ये, मग माप." लांबच्या वाडीवरून आलेला असला तर तिथेच पाटावर बसवून भाकरी, कुळथाची पिठी वाढायचीस, आणि हात धुऊन झाल्यावर टेप काढायचीस. वर म्हणायचीस, आता खाली बस, मांडी घाल, बसल्यावरचं माप देतोस का. सरपंचांच्या भावाला तू असंच बसवलं होतंस. तो म्हणाला, "वहिनी, शिलाई घेता का खानावळ चालवता?" तू म्हणालीस, "रिकाम्या पोटाची पँट शिवली तर लग्नाच्या पंगतीत बटण उडेल, आणि नाव माझं जाईल." अख्ख्या पंचक्रोशीत तशी दुसरी शिवणारी नव्हती. मी मात्र दरवेळी पोट आत ओढून उभा राहायचो, बारीक दिसायला. पंधरा ऑगस्टला झेंड्यापुढे सलाम करताना माझ्या खाकी पँटचं बटण उडालं ते पुढच्या मुलीच्या वेणीत. घरी आल्यावर तू मारलं नाहीस. बटण लावता लावता एवढंच म्हणालीस, "माप देताना खोटं उभं राहू नये रे. मला काय, तूच अडकशील त्यात."

आणि मी काय केलं, तर रिकाम्या गाडीचं माप घेतलं. वेल्डिंगची ठिणगी उडेल म्हणून पेट्रोलची टाकी काढली होती, ती मागेच असते, ॲक्सलच्या वर. खालून नीट दिसावं म्हणून सीट काढली होती. गाडी लोखंडी घोडीवर उचललेली, चाकं लोंबकळत. तशीच एकदा खाली उतरवली, शॉकअप मध्याच्या आसपास दिसला, आणि मी म्हटलं, खलास, झालं. टाकीचं वजन, सीटचं वजन, दोन माणसांचं वजन, कशाचा विचार नाही. त्या दिवशी सखीरला शर्यती होत्या. वारं तिकडून असलं की गाड्यांचा आवाज इथवर येतो, खूप मोठी माशी अडकल्यासारखा, आणि माझं अर्धं लक्ष तिकडे. संध्याकाळची फेरी व्हायच्या आत वेल्डिंग उरकायचं होतं. ते उरकलं.

शुक्रवारी सकाळी बाबांनी पांढरा नवा तोब, म्हणजे इथला पायघोळ झगा, घातला. बाई दारात उभ्या, म्हणाल्या, आधी तुम्ही दोघं फिरून या, मग मी. टाकी भरलेली. बाबा स्टिअरिंगवर, मी शेजारी. त्यांच्या गल्लीत तीन स्पीडब्रेकर आहेत. पहिल्यावर मागून ठक्क असा आवाज आला, लोखंडावर लोखंड. शॉकअप पूर्ण मिटला होता, त्याला आणखी दबायला जागाच नव्हती, म्हणजे आता सगळा दणका सरळ सीटमध्ये. जुन्या डब्यांपेक्षा वाईट. मला लगेच कळलं. तिथेच थांबा म्हणायला हवं होतं. मी म्हटलं, नवं आहे, बसेल हळूहळू. दुसऱ्यावर बाबांनी ओठ आवळले. तिसऱ्यावर त्यांनी गाडी रस्त्यातच थांबवली, दोन्ही हात स्टिअरिंगवर, डोळे मिटलेले, आणि म्हणाले, "शुवय, शुवय." हळू, हळू. गाडी तर उभी होती. कुणाला म्हणत होते कोण जाणे.

मग डोळे न उघडताच विचारलं, "क्या हुआ? नया शॉक है, नहीं?"

मी म्हटलं, "माल खराब आया, बाबा."

कुठून आलं ते माझ्या तोंडात? मी ठरवून नाही बोललो. पट्कन आलं, जणू तयारच होतं. बाबा म्हणाले, "मालेश." म्हणजे असू दे. मी मागे धावत जाऊन बाईंना बोलावलं, मुलगा आला, दोघांनी धरून त्यांना उतरवलं. मणक्यातली गादी सरकली. दीड महिना पाठीवर. मुलगा माझ्याशी इंग्लिशमध्ये, अगदी सभ्यपणे बोलला: आता पुरे, या गाडीत आमचा जीव अडकवू नको. तो ओरडला असता तर बरं झालं असतं. तिकडे बाबा आतून त्याला सांगत होते, बाईंनी मला नंतर सांगितलं, की पोराला बोलू नको, दुकानदाराने फसवलं त्याला.

दीड महिना मी बस चालवली आणि दुपारी त्या शेडबाहेरून परत फिरलो. काय करणार होतो? पाठ काही वेल्डिंग करून सरळ होत नाही. एकदा कॅम्पवर एकाला सांगून बघितलं, सांगलीकडचा आहे, माझ्या वरच्या बेडवर झोपतो. तो म्हणाला, "म्हातारा मेला नाही ना? मग यल्ला, चल झोप." वाईट नाही तो माणूस. पण झोप येईना. शेवटी बाईंनीच बोलावलं. म्हणाल्या, गाडी विकायची तर विकू, पण मोडकी विकायची नाही, त्यांना ते सहन होणार नाही. दुरुस्त कर.

या वेळी मी तुझ्या पद्धतीने केलं. टाकी भरली, सीट बसवली, आणि बाईंना म्हटलं, सीटवर वजन पाहिजे, माणसांएवढं. त्या आत गेल्या आणि कामवालीला घेऊन तांदळाच्या गोणी ओढत आणल्या. इथे तांदूळ गोणीनेच आणतात. स्वतःच्या जागेवर तीन ठेवल्या. बाबांच्या जागेवर मी चार ठेवल्या, कारण पडून पडून ते खूप वाळलेत. बाईंनी माझ्याकडे बघितलं आणि पाचवी ठेवायला लावली. "पहले का वजन," त्या म्हणाल्या. "वो फिर से खाएगा." आई, मी गाडीखाली शिरलो, आणि वर सीटवर तांदूळ बसलेला, आणि मला "जेवून ये" ऐकू आलं, आणि मी तिथे उताणा पडून, ग्राइंडर पोटावर ठेवून, बराच वेळ काही केलंच नाही.

हत्यारं अजून तुझ्याच पिशवीत आहेत, मी वडापला चालवायचो त्या जीपच्या जुन्या ताडपत्रीतून तू शिवलीस ती. एकेका पान्याला एकेक कप्पा, सगळे पाने समोर मांडायला लावून शिवलेली. शेवटचा एक कप्पा रिकामा ठेवला होतास, म्हणालीस, अजून तुझ्याकडे नाही त्या हत्याराला. त्यात मी सिमकार्डं ठेवतो.

ब्रॅकेट कापून तीन बोटं खाली नवे वेल्ड केले. माप नेमकं आलं. आता राहिले शॉकअप. ते तेच होते, आई. त्यांना काही झालंच नव्हतं, चांगला माल होता. पण मी म्हणून बसलो होतो की खराब आहेत, आणि तेच परत कसे लावणार? नवे आणायचे तर आणता आले असते. ते न करता मी त्यांना काळा रंग मारला. नवे दिसावेत म्हणून. पिवळे होते ते काळे केले, आणि बाईंना सांगितलं, दुसरे आले.

काल दुपारी बाबा कमरेला पट्टा बांधून शेडच्या दारात प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले. म्हणाले, मैं देखेगा. तांदूळ सीटवरच ठेवून मी तिन्ही स्पीडब्रेकरवरून गाडी नेली आणि आणली. मागची बाजू एकदा खाली बसली, एकदा वर आली आणि शांत. मग बाईंच्या जागेच्या गोणी उतरवल्या, त्या बसल्या, आणि आम्ही परत गेलो, बाबांच्या गोणी मांडीवर घेतल्यासारखा मी कोपऱ्यात दबून चालवत होतो. तिसऱ्या स्पीडब्रेकरनंतर बाईंनी हाताने डोळे पुसले आणि म्हणाल्या, धूळ आहे. आम्ही परत आलो तेव्हा बाबा खुर्चीतून उठले होते. मला म्हणाले, जरा गाडी घोडीवर चढव. चढवली. काठीवर भार देऊन ते कसेबसे वाकले, मी नको नको म्हणतोय, आणि हात आत घातला. फिटरचा हात. आधी ॲक्सलवरच्या जुन्या वेल्डिंगच्या खुणेवर बोट फिरवलं, मग तिथून खाली नव्या ब्रॅकेटपर्यंत. तीन बोटं. मग शॉकअपवर.

हात बाहेर आला तेव्हा बोटाच्या टोकाला काळं लागलेलं होतं. रंग पुरता वाळला नव्हता.

बाबांनी बोटाकडे बघितलं. माझ्याकडे बघितलं नाही. खुर्चीवर बसले आणि अंगठ्याने ते बोट चोळत राहिले, चोळून चोळून काळं जरा गेलं आणि खालून काही दिसतं का बघावं तसं. मी तिथेच उभा. एक शब्द बोलायचा होता. बाबा, माप चुकलं माझं. एवढंच. खुर्ची माझ्यापासून हातभर लांब होती.

"अगला जुम्मा आप बैठेगा ना, बाबा?" मी विचारलं.

"तुम मामा को लेके जाओ झल्लाक," ते म्हणाले. "मैं घर में ठीक." आणि मग, "चाय पियो."

मी चहा प्यायलो. दोन कप प्यायलो, आणि बसची वेळ झाली म्हणून निघालो. खरं तर तासभर बाकी होता.

आता मांजर टँकरखालून गेलंय. आई, तुला मी हे का लिहितोय ते मला सकाळी कळत नव्हतं. तुला हॉस्पिटलात नेलं तो दिवस. वडापची जीप मीच चालवत होतो, तू मागच्या बाकावर आडवी, हात लोखंडी दांडीला. प्रत्येक दणक्याला तू दांडी घट्ट धरायचीस आणि म्हणायचीस, "हळू रे, हळू." मी मागे न बघता म्हटलं, "रस्ताच खराब आहे, आई." तू म्हणालीस, "असेल." त्यानंतर अकरा दिवस होतीस, पण आपण त्या रस्त्याबद्दल बोललो नाही. दणक्यांनी तुला काही झालं असं डॉक्टर म्हणाले नाहीत. तसं विचारलंही नाही मी.

हे कागद ट्रिपशीटबरोबर ऑफिसात जाऊन चालणार नाहीत, म्हणून काढून पिशवीत ठेवतोय. रस्ता त्या वर्षी नवा केलेला होता, आई. मागचे शॉकअप गेलेले होते. गॅरेजवाल्याने दोन महिने आधी सांगितलं होतं, जीप रविवारी एक दिवस सोड, शॉकअप बदलून देतो, आणि त्या रविवारी मला क्रिकेटला जायचं होतं.